दलेंदाच्या नळ्या आणि मौलिदची असीदा

माझी धाकटी नणंद दलेंदा आमच्या स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत प्रथिनं बनवते. ऑलिव्हचं झाड तहानलं की त्याच्या अंगात एक संप्रेरक वाढतं. झाडातलंच एक प्रथिन तो निरोप पकडतं, मग पानं आपली छिद्रं मिटून पाणी राखतात. त्या प्रथिनाचं जनुक दलेंदा जीवाणूंत घालते, त्यांच्याकडून प्रथिन करून घेते आणि शुद्ध करून संशोधकांना पाठवते. ती हे सांगते तेव्हा मला वाटतं, झाडाच्या तहानेचीही अल्लाहने केवढी सोय केली आहे.

तिचे हात बारा महिने गार. बर्फातल्या नळ्यांशी ती बोलते, "बायांनो, जरा धीर धरा." सासूबाई म्हणतात, "नवरा शोधला असतास, तर त्याने उत्तर तरी दिलं असतं!"

"उम्मी, बाबा तरी कुठे देत होते?" ही लगेच.

यंदा ट्युनिसच्या एका प्रयोगशाळेला तिची प्रथिनं हवी होती. पसंत पडली तर तिची तात्पुरती नोकरी पुढे चालू राहणार होती. मौलिदला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनी, तिची संस्था बंद, म्हणून आदल्या दिवशीच ती नळ्यांचा बर्फाचा डबा घरी घेऊन आली. सणाच्या सकाळी शेअर टॅक्सीने निघायचं होतं; ट्युनिसची मंडळी सुट्टीतही कामावर येणार होती.

आमच्याकडे मौलिदला असीदा, म्हणजे पाइनच्या बियांची गोड घट्ट खीर, घरोघर वाटतात, आणि शेजारचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. डबा ट्युनिसला लोकांकडे चाललाय एवढंच सासूबाईंना कळलं. दलेंदा नमाजला उभी होती, तेवढ्यात त्यांनी बर्फ मोरीत ओतला, नळ्या तळाशी नीट आडव्या ठेवल्या आणि वर असीदेचे दोन गरम वाडगे बसवून झाकण घट्ट लावलं.

ट्युनिसहून फोन आला तो मी घेतला.

"वहिनी, डबा उघडला तर आत पुडिंग!"

"आणि नळ्या?"

"ऊन आहेत गं. तरी तपासल्या. प्रथिन चांगलं असेल तर चाचणीचं पाणी फिकट राहतं. सगळं पिवळं झालं, उष्णतेने प्रथिन बिघडलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उम्मीला सांगू नकोस. असीदा इथल्या सगळ्यांनी खाल्ली, तेवढंच सांग."

"आणि नोकरी?"

"इथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, पुन्हा करून आणा. मात्र ही शेवटची संधी."

मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "बदाम जरा कमी पडले होते."

दलेंदाने पुन्हा जीवाणू वाढवले. जेवायलाही धड घरी येईना. पहाटेच्या फज्रच्या नमाजनंतर मी तिच्यासाठी दुआ मागायची. जीवाणूंसाठी मागावी की नाही ते मला ठाऊक नाही, पण मागितली. जायच्या सकाळी ती निघेपर्यंत मी डब्याजवळच बसून राहिले. सासूबाई दोनदा येऊन गेल्या. "एवढी काय राखण? आत सोनं आहे का?"

दुपारी फोन वाजला. दलेंदाला हुंदक्यातून बोलवत नव्हतं. "वहिनी, फिकट राहिलं! रंग चढलाच नाही! ठेवतायत मला!"

सासूबाई फोनला कान लावून उभ्या. "काय गं, रंग चढला नाही म्हणून रडतेय पोरगी?"

"हो उम्मी," मी डोळे पुसत म्हटलं, "त्याचाच आनंद झालाय तिला."

"या शिकलेल्यांचं काही कळत नाही बाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातून फोन ओढून घेऊन तिला विचारू लागल्या, "सकाळपासून काही खाल्लंस का?"