केसपेपरवर काय लिहायचं

आमच्या गावात, वटारला, सोनचाफ्याचं फूल झाडावर ठेवत नाहीत. विकलं जावो न जावो, रोज तोडायचंच. राहिलं की बी धरतं आणि पुढचा बहर मार खातो. त्यामुळे बाबांनी तोडणी सोडली, ते चार दिवसांत गावाला कळलं असतं. उमललेल्या चाफ्याचा वास काही कुंपणाच्या आत थांबत नाही. म्हणून आई आणि मी पहाटे आमच्या चाफ्याच्या वाडीत जायला लागलो. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: त्यांची कंबर धरलीय.

बाबा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दाढी नाही, आंघोळ नाही. एकदा मला म्हणाले, "फुलं दिसतात गं, हात उचलवत नाय."

कंबरेच्या बातमीने मात्र गाव धावून आलं. एकाने पट्टा आणला, एकीने तेल. शेजारच्या काकांनी त्यांना हाडवैद्याकडे चार वेळा नेलं. चार महिने आम्ही एका धडधाकट कंबरेवर उपचार केले.

मी घरातली पहिली पदवीधर. हा मनाचा आजार आहे हे मला आधी कळायला हवं होतं, कबूल करते. कळलं तेव्हा बाबांना आरोग्य केंद्रात नेलं. मंगळवारी तिथे मनाचे डॉक्टर येतात. केसपेपरच्या खिडकीवर आईने सांगितलं, "कंबर." मी म्हटलं, "कंबर नाही. झोप नाही, जगण्यात मन नाही. तसंच लिहा." आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गोळ्या सुरू झाल्या, मंगळवारी डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. दोनेक महिन्यांनी बाबांनी आपणहून दाढी केली.

आणि तेव्हाच केंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या, मंगळवार बंद होणार. वरून विचारणा आली होती: या भागात असे रुग्णच नाहीत, मग डॉक्टर कशाला? मंगळवारच्या रुग्णांच्या वहीत आमच्या गावचं एकच नाव होतं, बाबांचं. बाकी सगळ्यांच्या केसपेपरवर पाठ, डोकं नाहीतर पित्त.

देवळाच्या सभागृहात वाडीवाल्यांची बैठक होती, पंपाच्या विजेसाठी. तिथे बोलायचं मी ठरवलं, पण आधी घरात विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या लग्नाचं बघतायत. तेवढं जमू दे, मग काय ते बोल." बाबा उठून बसले. मग म्हणाले, "मंगळवार गेला तर मी काय करू? सांग माझं नाव."

मी उभी राहिले तसे शेजारचे काका हसले. "काय गं, कॉलेजात पंप पन शिकवतात काय?"

"पंपाचं नाही, काका. बाबांची कंबर कधीच दुखत नव्हती, ते सांगायला आलेय."

सगळं सांगितलं. पडवीतलं, खिडकीवरचं, वहीतलं. "आणखी कोणाची कंबर तसलीच असेल तर केंद्रात खरं ते लिहायला सांगा. नाहीतर डॉक्टर जाईल आणि आपण पट्टे बांधत बसू."

"घरातलं चव्हाट्यावर आनलंस," मागून एकजण म्हणाला. "शिकून हेच केलंस."

"हो. हेच केलं."

काकांचं हसू गेलं होतं. "मी चार वेळा नेला त्याला. दर वेळी रिक्षात रडायचा. मला वाटलं दुखतंय म्हनून."

"तुमचं नाही चुकलं, काका. आम्ही खोटं सांगितलं."

बैठक पुन्हा पंपावर गेली. पण पुढच्या मंगळवारी केंद्राच्या बाकावर काकी दिसल्या, आणि काका शेजारी उभे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वहीत मात्र नाव चढलं. महिन्याभरात गावची पाच नावं झाली.

बहिणीचं स्थळ गेलं. घरात 'तसलं' आहे असा निरोप आला. बहीण म्हणाली, "बरं झालं. उद्या मला काही झालं असतं तर या लोकांनी मला पट्टाच बांधला असता." आई अजून ते मला ऐकवते. ऐकवू दे.

मंगळवार तूर्त चालू आहे. पाच नावं पुरेशी नाहीत, असं केंद्रात सांगतात. म्हणून मी शेजारच्या गावातल्या बैठकीत बोलायला जाणार आहे. बाबा म्हणतात, मीपण येतो, या वेळी मीच सांगेन. आई म्हणते, त्यांना तरी नको नेऊस. मी नेणार.