मिनिटभराचे श्वास

चाकणला लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून पंधरा वर्षं काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक विसरायच्या आत दुसरा केसपेपर घेऊन उभा असतो. घरी सांगायला लागले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणून तुम्हाला सांगते. बाळाला दम लागलाय, छाती वाजतेय, नाक चोंदलंय. आमचा दिवस यातच जातो.

* * *

प्रत्येक आईला मी विचारते, घरात धूर होतो का? उत्तर ठरलेलं, नाही. परवा एका बाळाच्या दुपट्याला ओव्याचा आणि गोवरीचा एवढा वास, की मलाच ठसका लागला. बाळाची छाती घरघरत होती. मी पुन्हा विचारलं.

"धूर न्हाई ओ ताई, धुरी देतो. रोज आंघूळ झाली की, दार लावून."

मी लिहिलं, धूर होतो. हे कितव्यांदा लिहिलं, देव जाणे.

* * *

एका मुलीचा खोकला जाईना. बाप कंपनीत पेंट शॉपला, गाड्यांना रंग मारायला. सिगारेट ओढत नाही म्हणून छाती पुढे काढून उभा. डॉक्टरांनी त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि सांगितलं, आधी अंघोळ, मग धुतलेले कपडे, मग मुलगी. महिन्याने खोकला गेला. आता सगळं छान ना, मी आईला विचारलं.

"छान आहे. पण यांची अंघोळ होईपर्यंत ती झोपून जाते. रविवारी बाप दिसला की रडते."



* * *

लातूरकडचे एक भाऊ. बाळाला मास्क लावून वाफ देत होतो, तर यांनी व्हिडिओ काढून कंपनीच्या बसच्या ग्रुपवर टाकला. वाफ संपायच्या आत सल्ले सुरू: मध चाटवा, कापूर लावा, डॉक्टर बदला. ते एकेक मोठ्याने वाचून दाखवत होते. एवढ्या लहानाला मध नको, कापूरही नको, असं सांगून डॉक्टर दमले. शेवटी विचारलं, ग्रुपात कोणी डॉक्टर आहे का?

"न्हाई सर, पण सुपरवायझर हाय की."

* * *

पंधरा दिवसांच्या बाळाची आई आली. बाळ मधेच श्वास थांबवतं, मग भराभर घेतं, म्हणून ती रात्रंदिवस त्याच्याकडे बघत बसलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही सेकंद असं होतं या वयात. जास्त वेळ श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले तर मात्र धावत या. तिने एकच विचारलं, "मग मी झोपू का?"

आणि बाकावरच झोपली. बाळाला मी घेतलं. पेशंट उभे राहिले, पण तिला कोणी उठवलं नाही.

* * *

तीन महिन्यांचा मुलगा. बाप गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत क्वालिटीला. सर्दीनंतर श्वास घेताना पोराच्या बरगड्या आत जायला लागल्या. आजी म्हणाली, लेकरं अशीच श्वास घेतात, झोपलंय तर झोपू दे. बापाने आपल्या आईशी वाद घातला नाही. कंपनीत रीडिंग घेतात तसे दर तासाला मोबाईलवर वेळ लावून मिनिटाचे श्वास मोजले आणि कागदावर लिहिले. अठ्ठेचाळीस. चोपन्न. एकसष्ट. मग पेन ठेवलं आणि पोराला उचललं. आजी बडबडत मागोमाग आली.

आम्ही मोजले, सत्तर. या वयात पन्नासच्या आत हवेत. न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावला. तो कागद डॉक्टरांनी फाइलला जोडला आणि म्हणाले, "हा नसता, तर तुम्ही संध्याकाळी आला असता."  आजीने ते ऐकलं. दोन दिवस ती लेकाच्या नजरेला नजर देत नव्हती. पोर वाचेल ना, ही भीती मलाही होती. इतक्या वर्षांनीही ती कमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑक्सिजन काढला. मी मोजायला गेले, तर म्हातारीचा हात नातवाच्या पोटावर.

"तू निस्तं घड्याळाकडं बघ. मिनिट झालं की सांग. मोजते मी."

दुसऱ्या हाताने ती गळ्यातल्या माळेचे मणी ओढत होती. मी 'झालं' म्हटलं, तशी बोटं थांबली.

"दोन विसा आन दोन."

माझेही मनातल्या मनात बेचाळीसच झाले होते. मी चार्ट उघडला.

"त्यात नगं," ती म्हणाली. "माझ्या लेकाच्या कागदावर लिही."