गोपी काय म्हणाली

गोपी बराच वेळ बोलली. हळू, खाली बघून, मधेच थांबत. ती गप्प झाल्यावर मी तिच्या सासूकडे पाहिलं.

“म्हणते, ठीक आहे,” सासूबाई म्हणाल्या.

मी केसपेपरवर टेकवलेलं पेन उचललं. एवढ्या बोलण्याचं भाषांतर एवढंसं होत नाही, हे कळायला सिंधी यावं लागत नाही.

ही गोष्ट कल्याण कॅम्पमधली. उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं, लोकांच्या तोंडी अजून कॅम्पच होता. लष्कराने सोडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून जहाजाने आलेली कुटुंबं राहत. दोन बिऱ्हाडांच्या मधे गोणपाटाचा पडदा. तीन नंबर कॅम्पात अशाच एका बराकीत आमचं छोटं इस्पितळ होतं. मी बदलापूरची. नर्सिंगचा कोर्स करून तिथे स्टाफ नर्स म्हणून लागले होते.

त्या सकाळी शेजारच्या बायकांनी गोपीला धरून आणलं. वालधुनी नदीत ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. धुणं नाही, हातात काही नाही. हाका मारल्या तरी वळली नव्हती. मागोमाग सासूबाई धापा टाकत आल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. गोपीचा नवरा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामावर गेला होता.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. बाहेर गोवर आलेल्या पोरांची रांग रडत होती.

“ठाण्याला पाठवू,” ते म्हणाले. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. “दुपारी गाडी जाते, तिच्यातून.”

“सर, तिच्याशी अजून कुणी बोललेलंच नाही.”

“तुम्हाला भाषा येते?”

“नाही. पण सासूला हिंदी येतं.”

“मग बोला. दुपारपर्यंत काय ते मला लेखी द्या.”

ट्रेनिंगमध्ये मी काही महिने मनोरुग्णांच्या वॉर्डात ड्यूटी केली होती. मनाचा आजार मोजायला थर्मामीटर नसतो. पेशंट कसा बसलाय, जेवतो का, झोपतो का, नसलेले आवाज ऐकू येतात का, हे बघायचं. आणि तो काय बोलतो ते जसंच्या तसं लिहायचं. ‘पेशंट उदास आहे’ असं आपण ठरवायचं नाही. भाकरी मातीसारखी लागते, असं तो म्हणाला तर तेच लिहायचं. आता नर्सिंगच्या मुली याला असेसमेंट म्हणतात.

इथे शब्द अम्मांच्या तोंडून येणार होते, आणि अम्मा ते गाळून घेत होत्या. मी विचारलं होतं, “मरून जावं असं मनात येतं का?” हे विचारायला लोक घाबरतात. विचारलं तर डोक्यात भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. ज्याच्या मनात असतं त्याला उलट हलकं वाटतं. पण अम्मांनी तो प्रश्न पुढे पोचवलाच नसावा. त्यांनी सुनेची ओढणी सारखी केली होती आणि काहीतरी पुटपुटल्या होत्या.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. आमचं बोलणं हिंदीत, माझं हिंदी मोडकं.

“अम्मा, ती बोलली त्यात ‘ठीक’ कुठे होतं?”

त्यांनी दाराकडे पाहिलं.

“ठाण्याला नेतील म्हणून सांगत नाही का?”

“तिथे गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “घर गेलं, गाव गेलं. आता सूनही देऊ?”

“मला तिला इथेच ठेवायचंय. शब्द देत नाही, माझ्या हातात नाही ते. पण ती काय म्हणते ते कळलं, तर डॉक्टरांना सांगता येईल. कमी करू नका, सुधारू नका. ती ‘मी’ म्हणाली की तुम्हीही ‘मी’ म्हणा.”

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी अम्मांनी तो नीट विचारला असावा, कारण गोपीने पहिल्यांदा मान वर केली. मग ती एक वाक्य बोले, अम्मा एक.

“मला झोप लागत नाही,” अम्मा सांगू लागल्या. “डोळे मिटले की जहाज हलतं. मला ताप होता. जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती. पोरगी गेली म्हणाले. समुद्रात सोडली म्हणाले. मला कुणी दाखवली नाही. विचारलं की सगळे म्हणतात, विसर. मी मरायला गेले नव्हते. पाण्यात काय दिसतं ते बघायला गेले. पण मग वाटलं, आणखी आत जावं.”

मी लिहीत होते.

“मी तिला माझ्या ओढणीत गुंडाळलं. निळ्या. खलाशी घाई करत होता. मी तिच्या कानात तिचं नाव घेतलं आणि हात सोडले. मुलाला म्हटलं, हिला उठवू नकोस, ही जगणार नाही.”

पेन चालूच होतं. मग लक्षात आलं की गोपीचे ओठ हलत नाहीत. ती केव्हाच थांबली होती. अम्मांकडे नुसती बघत होती. ती खेड्यातली, तिला हिंदी कळत नव्हतं.

मी पेन ठेवलं आणि अम्मांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “हे तिला कधी सांगितलंत?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“आता सांगा. तुमच्या भाषेत. मला नाही कळलं तरी चालेल.”

अम्मा बोलायला लागल्या. मधेच गोपीने काहीतरी विचारलं. अम्मांनी दोन्ही हात छातीशी घेऊन दाखवले, कसं धरलं होतं ते. गोपी कॉटवरून उतरली, खाली बसली आणि अम्मांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नदीवरून आणल्यापासून ती रडली नव्हती. मी कॉटपुढे पडदा ओढला आणि बाहेर येऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी केसपेपर उभ्याउभ्या वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“धोका अजून आहे,” ते म्हणाले.

“आहे, सर. एकटी सोडायची नाही, न्हाणीघरातसुद्धा. वॉर्डात कॉट देते. अम्मांना शेजारीच राहू द्या.”

“बरं. आजची गाडी हिच्याशिवाय जाऊ दे.”

रडल्याने ती बरी झाली असं नाही. आधी चहा तेवढा घ्यायची. झोपेचं औषध द्यावं लागलं, मग ते कमी केलं. अम्मा तिचे केस विंचरत आणि दोघी त्या मुलीविषयी बोलत, नाव घेऊन. त्या दोघी घरी गेल्यावरही ड्यूटी संपली की मी त्यांच्या बराकीत डोकावायची आणि तेच प्रश्न विचारायची. मरणाचासुद्धा. एकदा अम्मांनी तोंड उघडायच्या आत गोपीनेच ऐकून ऐकून शिकलेल्या हिंदीत उत्तर दिलं, “आज नाही, सिस्टर.” ते ‘आज’ मी तसंच लिहून ठेवलं. पुढे ते ‘आज’ही गळलं, नुसतं ‘नाही’ उरलं.

नंतर मी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला लागले. नातेवाइकाला दुभाषा करू नका, असं मुलींना सांगायची. नियम बरोबरच आहे. नातेवाईक घाबरलेला असतो, तो अर्धं गाळतो. मी त्या नियमाला एक ओळ जोडायची: पेशंटसोबत जो आलाय त्यालाही बसायला स्टूल द्या, आणि त्याला झोप लागते का ते विचारा. त्याच्या नावाचा केसपेपर कुणी काढलेला नसतो.