पाठीवरची बटणं

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत मांगीलालजींचं धान्याचं दुकान, मागे घर. प्रेमकुंवर त्यांची धाकटी सून. सासू-सासऱ्यांदेखत सुनेनं स्वतःच्या लेकराला उचलायचं नाही, लाड तर नाहीच नाही, अशी त्या घरची रीत. चार वर्षांचा पारस घरातल्यांचं ऐकून आईलाच 'भाभी' म्हणायचा. तिच्या वाट्याला तो यायचा सकाळी मोरीत, तेवढाच. आंघोळ घालताना, सदऱ्याची बटणं लावताना ती त्याचे हवे तेवढे पापे घ्यायची. मोरीला दार होतं, हे त्या घराचे उपकारच म्हणायचे.

सदुसष्ट साली पारस बालवाडीत जायला लागला आणि तिथल्या लताबाईंनी सगळा घोळ केला. मुलांनी हातपाय आपले आपण धुवावेत, कपडे आपले आपण घालावेत, हा त्यांचा हट्ट. दिवाळीपर्यंत पोरगा मोरीचं दार लोटून घ्यायला लागला.

"भाभी, तू बाहेर थांब. मला येतं."

घरदार खूश. सासूबाई, झमकूबाई, शेजारणींना बोलावून नातवाचं कौतुक दाखवायच्या. प्रेमकुंवरलाही आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. लेक शहाणा झाला म्हणून कुठली आई हिरमुसते? की आपलंच डोकं फिरलंय? तिला काही उमगेना. आणि असलं विचारणार तरी कुणाला?

मग तिनं एक खुळेपणा केला. पारसला नवा सदरा शिवला आणि बटणं लावली पाठीवर. आता लाव म्हणावं!

पारस सदरा घेऊन मोरीत गेला. बाहेर आला तो मागचं पुढे करून, एकूण एक बटण लावून. सासरे जेवत होते, सासूबाई वाढत होत्या. दोघंही पोट धरून हसले.

"चला, सुनेचं काम संपलं!" झमकूबाई म्हणाल्या.

प्रेमकुंवर पदराआड हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. आपण करतोय ते बरोबर की चूक, हे कळायच्या आत ती पुढे झाली. सगळ्यांदेखत पारसला तिनं मांडीवर ओढलं आणि बटणं सोडायला लागली. मांगीलालजींचा घास हातातच राहिला.

"भाभी, मला येतं ना," पारस गोंधळून म्हणाला.

"येतं रे राजा, माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि सदरा फिरवून तिनं पाठीवरचं पहिलं बटण लावलं.