वाटीच्या बुडाने छापलेली चित्रं

कुसुमताई लाकूड कोरायला शिकल्या त्या बापाजवळ बसून. वडील सीताराम सुतारकाम करायचे. उरलेल्या फळीच्या तुकड्यावर ही पोर कोंबडा, चूल, नळावरची भांडणं असलं काहीबाही कोरायची. पुढे शिकून महापालिकेच्या शाळेत चित्रकलेची बाई झाली. छापायचं यंत्र काही घरात आलं नाही. कोरलेल्या फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासायचा. त्या चित्रांची प्रदर्शनं लागली, तरी आई चंद्रभागा म्हणायची, "नाव मोठं झालं, माझ्या वाट्या मात्र काळ्या झाल्या."

निवृत्तीनंतर कुसुमताईंनी कात्रजच्या विहारात रविवारचा वर्ग काढला. समितीचे बाबुराव म्हणाले, "मुलं लाकूड कोरतात आणि भुसा आम्ही झाडतो. बुद्धपौर्णिमेला घरोघरी द्यायला चित्र करा. लोकांना आवडलं तर हॉल तुमचा. नाहीतर योगावाले विचारतायत."

ताईंनी जीव ओतून बुद्ध कोरला. अभय देणारा उजवा हात तर असा, की बघणाऱ्याला धीर यावा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहिला कागद उचलला. आई चष्मा पुसत म्हणाली, "तथागत डावखुरे कधी झाले गं?"

छापलं की चित्र उलटं होतं. कोरण्याआधी आरसा धरा, म्हणून ताई जन्मभर पोरांवर ओरडल्या. स्वतःला कशाला लागतोय आरसा.

त्यांनी आधी चहा घेतला. नवी फळी कोरायला वेळ नव्हता. मग पुन्हा एक कागद छापला, त्याच्या ओल्या शाईवरच दुसरा कोरा कागद पालथा घातला आणि वाटीने घासला. उलट्याचं उलटं, म्हणजे सुलट. हात उजवा झाला. शाई तेवढी फिकी उतरली, पहाटेच्या उजेडासारखी.

"आई, आणखी वाट्या काढ."

"मग आमटी कशात वाढू?"

"ताटातच वाढ."

दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "शाई संपली होती वाटतं."

"नाही. चूक झाली होती, ती अशी निस्तरली," म्हणत ताईंनी डाव्या हाताच्या बुद्धाचा पहिला कागदही पुढे केला.

संध्याकाळपर्यंत एकही चित्र उरलं नाही. बाबुरावांनी स्वतःसाठी बाजूला ठेवलेलंही कुणीतरी नेलं.

"डोळ्यांना शांत वाटतं, म्हणतात लोक," ते म्हणाले. "वर्ग चालू ठेवा. भुसा मात्र तुम्ही झाडायचा."

रविवारी वर्गाच्या भिंतीवर तो डाव्या हाताचा कागद लागला. "हे कुणी केलं, बाई?" पोरांनी विचारलं.

"मी," कुसुमताई म्हणाल्या. "आता आरसे काढा."