रुमिसाची आई, जुमादिलची आई

…तर तेच सांगत होते, बाईचं नाव काय तिचं राहतं? लिही तू, हात नको थांबवूस. तुझी मामी लग्न होऊन आली तेव्हा साक्नी होती. पोरगी झाली, रुमिसा, आणि साक्नी कुणाला आठवेना. अख्खं गाव तिला इनाक रुमिसा म्हणायला लागलं, रुमिसाची आई. तुझा मामा अमाक रुमिसा, आजी पापूक रुमिसा. एवढीशी पोर, अन् घरातली सगळी मोठी माणसं तिच्या नावावर.

आपल्या बोलीत कसं, शब्द दोनदा म्हटला की लुटुपुटीचा होतो. घोडा-घोडा, घर-घर. तशी रुमिसा आई-आई खेळायची. साक्नी कमरेला माग बांधून विणायची, अन् ही शेजारी मक्याचं कणीस चिंध्यांत गुंडाळून थोपटायची. चौथ्या वर्षी तापात गेली.

गावानं हाक बदलली नाही. पहिल्या लेकराचं नाव, ते तसंच राहतं. जुमादिल झाला तरी साक्नी इनाक रुमिसाच. हाक आली की क्षणभर थांबायची, मग ओ द्यायची. तेवढ्यापुरती पोर जवळ आल्यासारखी वाटायची तिला.

एकदा भात वाढताना जुमादिल म्हणाला, "रुमिसा तर नाहीच, तरी तू तिची. मग माझी काय, आई-आई?"

साक्नीच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या दिवसापासून माग उघडायची, नुसती बसायची. मग एका सकाळी विहिरीवर जाऊन म्हणाली, "आजपासून मला इनाक जुमादिल म्हणा."

"आमच्या जिभांना वळण पडलंय गं."

"वळवा हळूहळू."

बायका म्हणायला लागल्या. पण हिलाच ओळखू येईना. शेजारीण ओरडून दमली, ही आपली बादली भरतेय. "बहिरी झालीस का, इनाक जुमादिल?" तेव्हा कुठं वळली. हसली, अन् बादली तिथंच ठेवून रडली.

घरी येऊन सासूला म्हणाली, "तुम्ही पण बदला आता." सासू म्हणजे मीच की. म्हटलं, "तू बदललंस ते बरं केलंस, तुला लेकरू वाढवायचंय. माझं राहू दे. कुणीतरी तिचं राहायला नको?"

पुरे आता. जा, मामीला सांग, पापूक रुमिसानं जेवायला बोलावलंय. नाव घेऊन सांग हं, नुसतं आजीनं म्हणू नकोस.