वसंताची गाणी निफाडला आहेत

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाल मिरच्यांचे देठ खुडत होते. फोनवर त्याचा मुलगा शिरीष. "आत्या, अण्णा गेले," एवढंच म्हणाला. रडू आलं नाही. आलं असतं तरी मिरचीचा हात डोळ्याला लावता आला नसता. पाठचा भाऊ होता माझा. पण गेली कित्येक वर्षं तो निफाडला यायचा तो मला भेटायला नव्हे, माझ्या घरात ठेवलेल्या त्याच्या कॉम्प्युटरला भेटायला. मेला म्हणून ते गोड करून सांगणार नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरायला घेतल्या. भावगीतं, नाटकातली पदं, कीर्तनं, आमच्या गावच्या भजनी मंडळाची भजनंसुद्धा. त्यातले गाणारे आता कोणी उरले नाहीत. गंगापूर रोडच्या घरी दोन कॉम्प्युटर, तिसरा माझ्याकडे. "आक्का, एक बिघडला तर दुसरा. तिकडचे दोन्ही गेले तर तुझ्याकडचा," म्हणायचा. नवी गाणी भरली की काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये घेऊन एसटीने यायचा, इथे उतरवायचा. माझ्याकडे पाठ करून बसायचा. चहाला साय धरायची. पूर्ण गाणं कधी लावलं नाही. नीट उतरलंय का बघायला दोन ओळी, की पुढचं. एकदा मी म्हटलं, "अरे, लाव की सगळं, मी पण ऐकते." तर म्हणाला, "ऐकायला पुढं आयुष्य पडलंय, आक्का." कुठं पडलं होतं...

दहाव्याला गंगेवर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. शिरीष हात जोडून घराचं बोलला, नातीच्या लग्नाचं बोलला. कावळे झाडावर गप्प. शेवटी मी म्हटलं, "त्याला घराचं काय पडलंय? गाण्यांचं बोल." तो म्हणाला, "अण्णा, तुमची गाणी सांभाळीन. एकही जाऊ देणार नाही." कावळा उतरला आणि शिवला. त्याला भूक लागली असेल, मी भोळी नाही. पण चारचौघांत शब्द दिला तो दिला.

महिना व्हायच्या आत शिरीषने घरचे दोन्ही कॉम्प्युटर भंगारात दिले. सगळं प्लेअरमध्ये आहेच, म्हणे. मग प्लेअर आपल्या नव्या लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपने इंग्रजीत काहीतरी विचारलं, ह्याने न वाचता 'हो' दाबलं. लॅपटॉपात एकही गाणं नव्हतं. लॅपटॉपने प्लेअरही आपल्यासारखाच करून टाकला. रिकामा.

मग आला धावत निफाडला. "आत्या, हा कॉम्प्युटर मी घेऊन जातो."

"नाय."

"अगं, अण्णांना शब्द दिलाय मी!"

"कावळ्याला दिलास. त्याच्याकडं जा मागायला."

तोंड पडलं त्याचं. वाईट मुलगा नाही, घाईचा आहे. पण तो कॉम्प्युटर त्याच्या गाडीत चढला असता तर वसंताची सगळी मेहनत पुन्हा एका बोटाखाली गेली असती. मी म्हटलं, "इथंच बसून उतरव. आणि मशीन जे विचारेल ते मला मराठीत सांगायचं. मी हो म्हटलं तर दाबायचं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मी चौथी शिकलेय. तू इंजिनिअर. दाबलंस ना तू?"

बसला. दिवसभर बसला. "आत्या, विचारतंय पुढं जाऊ का." "काय पुसणार हाय का?" "नाही." "मग जा." असं संध्याकाळपर्यंत चाललं. त्याच्या लॅपटॉपात सगळं गेलं, वर लॅपटॉपला जोडायच्या एका डबीत वेगळं उतरवून ती मी त्याच्या बायकोकडे द्यायला लावली. निघताना म्हणाला, "आता ह्या डबड्याचं काय काम? भंगारवाल्याला सांगू?" मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि कडी लावली.

कॉम्प्युटर पडवीत मेजावर आहे. वसंतावरचा राग गेलेला नाही. हा माणूस इतक्या वेळा माझ्या घरी आला आणि आम्ही दोघं मिळून एक गाणं ऐकलं नाही. तो असताना मी त्या मेजाजवळ फडकं घेऊन गेले की खेकसायचा, "आक्का, वायर निघेल!" आता रोज पुसते. ओल्या फडक्याने, वायरी बाजूला ओढून, मागपर्यंत पुसते... कोणी खेकसत नाही.